विश्वास कमी पडला नव्हता, ताई

पत्र

"सिस्टर, जय ख्रिस्त. मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. वय त्रेचाळीस. माझा मुलगा बारावीला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. संभाजीनगरला केमो चालू होते. एकदा बरा झाला, मग रोग उलटला. या पावसाळ्यात लेकरू गेलं. आम्ही आजेसासऱ्यांपासून ख्रिस्ती. आजारपणात शेजारच्या गावातल्या प्रार्थना गटात जात होतो. तिथले भाऊ म्हणाले, गोळ्या-इंजेक्शनं बंद करा, पूर्ण विश्वास ठेवा, चंगाई होणारच. मी दवाखाना सोडला नाही. आता त्या गटातल्या बाया म्हणतात, दोन्ही डगरींवर हात ठेवला म्हणून देवानं ऐकलं नाही. आमचे पाळकसाहेब भले माणूस आहेत, पण दफनाच्या वेळी म्हणाले, देवाची योजना असते, देवाला चांगली फुलं आवडतात. गल्लीत कुणी करणी म्हणालं. मी प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत, आला तर राग येतो. मालक शेतातल्या आखाड्यावरच झोपतात, चार शब्द बोलत नाहीत. मुलगी नववीत आहे, ती चर्चला येत नाही म्हणते. नाताळ जवळ आला. कधी वाटतं, आपणही त्याच्याकडं जावं. एवढंच सांगा, माझा विश्वास कमी पडला का? अन् ह्या दुःखाला काही अर्थ आहे का?"

उत्तर

ताई, जय ख्रिस्त.

नाव-गाव गाळून तुमचं पत्र वर दिलं आहे. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मी त्यांच्या आधीच्या वाक्यापाशी थांबले. "आपणही त्याच्याकडं जावं." लेकरू गेलेल्या कितीतरी आयांच्या मनात हे येतं. आलं म्हणून तुम्ही पापी ठरत नाही. पण ते कसं येतं, हे स्वतःला नीट विचारा. नुसतं त्याला डोळे भरून पाहावंसं वाटतं, की कसं जायचं याचाही विचार होतो? तसा विचार होत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आत्ता कुणाला तरी तोंडाने सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात.

आणि कपाशीवर फवारायचं औषध घरात असेल तर ते आजच दुसऱ्या कुणाच्या तरी घरी कुलपात ठेवायला द्या. आखाड्यावर असेल तर तेही. तुमचे मालक तिथे एकटे झोपतात, आणि त्यांच्या मनात काय चाललंय हे तुम्हालाही ठाऊक नाही. मी दवाखान्यात पुष्कळ वर्षं काढली. औषध प्यायलेली माणसं तिथे यायची, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांतले बहुतेक "सिस्टर, मला वाचवा" म्हणायचे. तेव्हा मालकांना सरळ विचारा, तुम्हालाही मरावंसं वाटतं का. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आधीपासून असेल तर मात्र बाहेर यायला वाट मिळते.

आता विश्वासाचं.

नाही, ताई. तुमचा विश्वास कमी पडला नाही. तुमची समजूत काढायची म्हणून हे लिहीत नाही. पवित्र शास्त्र उघडून तुम्हीच पाहा. प्रेषित पौलाच्या हातून कितीतरी रोगी बरे झाले. तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, खुशालीच्या निरोपांमध्ये, लिहून जातो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. कुणाचा विश्वास कमी होता, कुणी कोणतं पाप लपवलं होतं, याबद्दल अक्षर नाही. आपला सोबती बरा झाला नाही, त्याला मागे ठेवून पुढे जावं लागलं, इतकं साधं आणि इतकं जड ते वाक्य आहे. तीमथ्याच्या पोटाचं दुखणंही प्रार्थनेने गेलं नव्हतं. पौल त्याला थोडा द्राक्षारस घे म्हणतो. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी पौलाने प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळालं ते काटा तसाच असताना.

आणि गेथशेमाने बाग, येशूला पकडलं त्या रात्रीची. हा प्याला माझ्यापासून टळू दे, अशी प्रार्थना तिथे कोणी केली? टळला का तो प्याला? तुमच्या विश्वासाचं माप काढणाऱ्यांनी त्या रात्री कुणाचा विश्वास कमी पडला होता ते सांगावं.

ते लोक याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय दाखवतील. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, हे वाक्य तिथे आहे, नाकारू नका. पण त्याच्या आधीची ओळही वाचायला सांगा. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, आणि प्रार्थना त्यांनी करावी, तेल त्यांनी लावावं. प्रार्थनेचा भार तिथे निरोगी माणसांच्या खांद्यावर दिलाय. खाटेवरच्या पोरावर किंवा रात्र-रात्र जागलेल्या आईवर नव्हे. प्रार्थना फळली नाही म्हणून त्या आईकडे बोट दाखवायला याकोब कुठेही सांगत नाही.

दवाखान्याबद्दल तर माझ्या मनात शंकाच नाही. यहूदाचा राजा हिज्कीया मरायला टेकला होता. त्याने प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचा लेप बांधायला सांगितला. प्रार्थनाही आणि औषधही, एकाच गोष्टीत, एकाच संदेष्ट्याच्या तोंडून. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो. आपल्या जालन्यात मिशनचा दवाखाना उभा राहिला तो बायबल वाचणाऱ्या माणसांच्याच कष्टांतून. मग दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे दुसऱ्या डगरीवर हात, हे आलं कुठून?

परिचारिका म्हणून एक सांगते, ते नीट ऐका. तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कॅन्सर असेल आणि उपचार केलेच नाहीत, तर तो बहुधा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत माणसाला नेतो. रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो, हाडं ठणकतात. त्या भाऊंचं ऐकून तुम्ही केमो बंद केले असते तर लेकरू कितीतरी आधी आणि कितीतरी जास्त हालांत गेलं असतं. तो दोन वर्षं जगला, मध्ये काही दिवस बराही होता, घरी होता, पुस्तक उघडून बसला असेल, बहिणीशी भांडलाही असेल. ते दिवस त्याला तुम्ही मिळवून दिलेत. बसचे धक्के खात, उसनवारी करत, वॉर्डाच्या बाहेर जमिनीवर झोपून. औषधं बंद करायला सांगणाऱ्या माणसाने तुमची माफी मागायला हवी. तो मागणार नाही कदाचित. पण त्याच्या चुकीचं ओझं तुम्ही वाहू नका. हा रोग अस्थिमज्जेतल्या पेशींत बिघाड होऊन सुरू होतो. आईने काय खाल्लं, काय केलं, कोणती प्रार्थना चुकली, कुणी दारात लिंबू टाकलं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

पाप-पुण्याचा हिशोब आपल्या हाडीमाशी फार खोल मुरलाय, ख्रिस्ती घरांतसुद्धा. येशूच्या शिष्यांच्याही मनात तो होता. जन्मांध माणूस दिसल्याबरोबर त्यांनी विचारलं, गुरुजी, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोघांनाही मोकळं केलं. आईबापांना मोकळं केलं, हे लक्षात ठेवा. आणि लूकच्या तेराव्या अध्यायात तो शिलोहातल्या बुरुजाची आठवण काढतो. तो बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला, असं तो विचारतो आणि स्वतःच सांगतो, नाही. त्याच्या पुढे पश्चात्तापाबद्दल बोलतो, पण ते समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांना. मेलेल्यांच्या नावावर तो काही लिहीत नाही.

मराठवाड्याच्या माणसाला तो बुरूज समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात पाळण्यातली पोरं होती, देवळातले पुजारी होते, आयुष्यभर कुणाचं वाईट न चिंतलेल्या म्हाताऱ्या होत्या. भूकंप रिश्टर मापावर साडेसहाच्याही आतला होता. इतकी माणसं गेली ती त्या घरांच्या बांधणीमुळे. दगड मातीत बसवलेले होते, वरून माळवदाचा भार होता. पाप मोजून एकही भिंत पडली नाही. येशूने दोन हजार वर्षांपूर्वी शिलोहाबद्दल म्हटलेलं "नाही" मी किल्लारीलाही लावते आणि तुमच्या घरालाही लावते.

तुमच्या रागाबद्दल लिहायचंय, आणि इथे मला घाई करायची नाही.

लाजर मेला तेव्हा त्याच्या दोन बहिणींनी येशूला काय म्हटलं आठवा. मार्था गावाबाहेर जाऊन म्हणाली, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरीया आली, तिनेही शब्दाला शब्द तेच म्हटलं. दोघी चार दिवस घरात हेच बोलत बसल्या असतील. हा तक्रारीचा सूर आहे, आणि तो थेट त्याच्या तोंडावर आहे. येशू त्यांच्यावर रागावला नाही. तुमचा विश्वास कमी पडतोय, असं म्हणाला नाही. थोड्या वेळाने आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी तो रडला. पुढे चांगलं होणार आहे म्हणून आत्ताचं रडणं त्याने खोटं ठरवलं नाही.

तुम्ही म्हणता शब्द येत नाहीत, आला तर राग येतो. मग रागच घेऊन जा. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा रडण्याचा आणि गाऱ्हाण्याचा आहे. रविवारी आपण तो फारसा वाचत नाही, ही आपल्या मंडळ्यांची उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दर रविवारी फक्त आनंदाची गीतं गायली, तर रडणाऱ्या माणसाला वाटतं की हे घर आपलं नाही. तुम्ही आज रात्री ८८ वं स्तोत्र काढा. बाकीची रडण्याची स्तोत्रं शेवटी-शेवटी तरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तरी ज्यांनी शास्त्र जपलं त्यांनी ते फाडून फेकलं नाही, कुणी त्याच्या शेवटी हालेलूया जोडलं नाही. देवाने आपल्या पुस्तकात ते राहू दिलं. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर त्याचे घ्या. तेही वाचता आलं नाही तर नुसतं कण्हा. रोमकरांच्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. देवाची योजना, सर्व गोष्टी मिळून कल्याण, हे जे वाक्य लोक तुम्हाला ऐकवतात, ते त्याच अध्यायात आहे, या कण्हण्याच्या लगेच नंतर. आधीचं कण्हणं गाळून नंतरचं कल्याण ऐकवणं बरोबर नाही.

पाळकसाहेबांच्या फुलांबद्दलही बोलते. त्यांचं मन चांगलंच असणार. कोवळ्या पोराच्या कबरीपाशी उभं राहून बोलणं सोपं नसतं. पण हे वाक्य मी स्वीकारू शकत नाही. बागेतली चांगली फुलं खुडून नेणारा देव मला शुभवर्तमानात भेटत नाही. पौल करिंथकरांना लिहितो की शेवटचा शत्रू जो मृत्यू, तो नाहीसा केला जाईल. शत्रू म्हणतो तो. देवाचा निरोप्या म्हणत नाही, देणगी म्हणत नाही. म्हणून ताई, तुमच्या मुलाच्या मरणाचा तुम्हाला राग येतो, त्यात तुम्ही देवाच्या विरुद्ध नाही. त्या बाबतीत तुम्ही त्याच्याच बाजूला आहात.

आता अर्थाचा प्रश्न, जो सगळ्यात अवघड आहे.

कुणी तुम्हाला ईयोबाची गोष्ट सांगेल. सगळं गेलं, शेवटी दुप्पट मिळालं. लेकरू गेलेल्या आईच्या कानाला ही गोष्ट टोचते, कारण नवी मुलं झाली म्हणून जुनी भरून निघत नाहीत. पण ईयोबाचं पहिलं आणि शेवटचं प्रकरण शेजारी-शेजारी ठेवून आकडे बघा. मेंढ्या सात हजार होत्या, चौदा हजार झाल्या. उंट तीन हजारांचे सहा हजार. बैलजोड्या पाचशेंच्या हजार. मुलं मात्र आधी सात मुलगे आणि तीन मुली, नंतरही सात मुलगे आणि तीन मुली. ती दुप्पट का नाहीत? जुने उपदेशक याचं उत्तर असं देत की गुरं गेली ती गेली, म्हणून ती दुप्पट द्यावी लागली. पहिली दहा मुलं देवाच्या हिशोबात गेलेलीच नव्हती. ती त्याच्याजवळ होती. दहा तिथे, दहा इथे. हा अर्थ मला पटतो. तुम्हाला किती मुलं, असं कुणी विचारलं तर दोन सांगा. एक सांगावं का, म्हणून घुटमळू नका. दोन.

ईयोबाला स्वतःच्या दुःखाचं कारण मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. वाचणाऱ्याला पहिल्या प्रकरणात जे सांगितलंय ते त्याला कुणी सांगितलं नाही. कारणं सांगत बसले ते त्याचे मित्र, आणि देव रागावला तो त्या मित्रांवर. ईयोबाने देवाला जाब विचारला, शाप दिल्यासारखं बोलला, स्वतःच्या जन्माच्या दिवसाला दूषण दिलं, तरी देव म्हणाला की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच. त्या मित्रांचं एकच काम चांगलं झालं होतं. सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून मी तुमच्या मुलाच्या मरणाचं कारण सांगणार नाही. त्याच्या मरणात अर्थ होता, असंही म्हणणार नाही. ख्रिस्ती श्रद्धा मला तसं म्हणायला लावत नाही. ती मला एका जागी नेऊन उभं करते, जिथे एक आई आपल्या मुलाला मरताना बघते आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूची आई मरीया वधस्तंभाजवळ उभी आहे. तिला योजना समजावून सांगायची असती तर त्या क्षणी वर टांगलेल्या मुलाइतका अधिकार कुणाला होता? त्याने एकही कारण सांगितलं नाही. त्याने जवळ उभ्या असलेल्या एका शिष्याकडे पाहिलं आणि आईला म्हटलं, हा तुझा मुलगा. आणि त्या शिष्याला म्हटलं, ही तुझी आई. त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. लेकरू गमावणाऱ्या आईला देवाच्या पुत्राने दिलं ते हे. स्पष्टीकरण दिलं नाही, माणूस दिला, घर दिलं.

मला ख्रिस्ताकडून मिळणारी आशा अशी दोन पायांवर उभी दिसते. एक, देव दुःखाच्या बाहेर उभा राहून बघत नाही, तो स्वतः त्या लाकडावर होता, आणि माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ही हाक त्याच्याही तोंडून निघाली. दुसरा, तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती. तुमचा मुलगा उठेल. ही वाक्यं मी दफनभूमीत कितीदा ऐकली आहेत आणि प्रत्येक वेळी ती खरी मानली आहेत. पण उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमाने ते पाहिले. पुनरुत्थानानेही झालेली जखम पुसून टाकली नाही. तुमचं दुःखही कुणी पुसून टाकायला सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं थेस्सलनीकाकरांना लिहिलंय. शोक करू नका, असं लिहिलेलं नाही.

मग या दुःखाचं पुढे काय होतं? पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला यासाठी जवळचं वाटतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण नेली. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. मग १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला, तान्ही मनोरमा पदरात होती. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्याच रमाबाई तिथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. भुकेने आईबाप कसे मरतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण म्हणून रमाबाईंचे आईबाप त्या मुली वाचाव्यात यासाठी मेले, असं कुणी म्हटलं तर ते क्रूर होईल, आणि खोटंही. मरण हे मरणच होतं. त्यातून जे उगवलं ते त्या मरणामुळे उगवलं नाही. देवाने आणि त्या बाईने मिळून, त्या राखेत हात घालून ते उगवून आणलं. पुढे १९२१ च्या जुलैत मनोरमाही गेली, चाळिशीत. निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला तिच्या मदतीने शाळा निघाली होती. आईच्या पश्चात सगळं तीच सांभाळणार होती. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर तपासून पुरं केलं आणि मुलीच्या मागोमाग, नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या.

तुमच्याकडून असं काही व्हावं, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. मुलाला जाऊन अजून सहा महिनेही झाले नसतील. आत्ता जेवण बनवणं, आंघोळ करणं, मुलीचा डबा भरणं, एवढंच पुष्कळ आहे. दोन-चार वर्षांनी कदाचित दुसऱ्या कुणा आईचं पोर त्याच वॉर्डात असेल आणि तिला कुठे झोपायचं, डबा कुठे मिळतो, कोणता कागद कुठे लागतो हे तुम्ही सांगाल. कदाचित नाहीही. ते तेव्हाचं तेव्हा.

मालकांचं बघा. ते आखाड्यावर का राहतात हे मला दिसतंय असं वाटतं. घरात त्या पोराची खाट आहे, दप्तर आहे. शेतात निदान कापूस वेचायचा असतो, पाणी सोडायचं असतं, हात रिकामे नसतात. त्यांना घरी ओढू नका. संध्याकाळची भाकरी घेऊन तुम्हीच जा, आणि त्यांच्याजवळ बसून स्वतःही तिथेच जेवा. बोलले तर बोलले. एक करा, मुलाचं नाव घेत जा. "आज त्याची आवडती भाजी होती" एवढंच. आईबापांना वाटतं, नाव काढलं तर दुसऱ्याला दुखेल, म्हणून दोघंही गप्प बसतात आणि पोर घरातून दुसऱ्यांदा जातं. कबरीवर अजून दगड बसवला नसेल तर ते काम त्यांच्यावर सोपवा. कुठला दगड, त्यावर काय कोरायचं, हे दोघांनी ठरवा, मुलीलाही विचारा.

मुलीला चर्चला जबरदस्तीने नेऊ नका. तिचा भाऊ गेला, आणि त्या दोन वर्षांत आईबापही बऱ्यापैकी दवाखान्यात गेलेच होते. चौदा-पंधराच्या पोरी मनात एक गोष्ट लपवतात, की आपण एकदा त्याला काही बोललो, एकदा मनात आलं की हे सगळं संपावं, म्हणून हे झालं. तिने विचारलं नाही तरी तिला सांगा, तुझ्यामुळे काही झालं नाही. देवावर ती रागावली असेल तर तिला मार्थेची गोष्ट सांगा, उपदेश न करता. भावाची कोणती वस्तू तिला हवी ते तिलाच घेऊ द्या.

नाताळ. यंदा दारावर चांदणी लावायची की नाही, करंज्या करायच्या की नाही, हे तुम्ही तिघांनी ठरवायचं, शेजारपाजारच्यांनी नव्हे. कॅरल म्हणणारी पोरं तुमच्या दारी येणार असतील तर त्यांच्यातल्या मोठ्याला आधीच निरोप द्या, ढोलकी न वाजवता एक संथ गीत म्हणा, किंवा यंदा येऊ नका. त्यांना कळेल, त्यातली काही त्याचीच मित्र असतील. उपासनेला गेलात तर मागच्या बाकावर बसा, गाता आलं नाही तर गाऊ नका, मधूनच उठून यावंसं वाटलं तर या. आणि मत्तयाचा दुसरा अध्याय वाचून बघा. नाताळच्या नाटकात आपण मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांपर्यंत येतो आणि पडदा पाडतो. पण त्याच अध्यायात बेथलेहेमातली पोरं मारली जातात, आणि राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, ती सांत्वन पावायला तयार नाही, हे यिर्मयाचं वचन तिथे येतं. येशूच्या जन्माच्या गोष्टीत एक न शमणारी आई आहे. तिला कुणी गप्प केलेलं नाही. तुमची जागा त्या गोष्टीत आहे.

प्रार्थना गटातल्या बायांशी वाद घालायला जाऊ नका, तेवढी ताकद तुमच्यात आत्ता नाही. कुणी पुन्हा डगरीचं बोललं तर एवढंच म्हणा, "त्रफिमाबद्दल वाचून या, मग बोलू," आणि उठा. पाळकसाहेबांकडे मात्र जरूर जा. फुलांचं बोलणं लागलं, हे त्यांना सांगा. भले आहेत म्हणता, तर ऐकून घेतील. त्यांच्याकडे उपदेश मागू नका. त्यांना म्हणा, आठवड्यातून एकदा महिला मंडळातल्या एखाद्या शांत बाईला माझ्या घरी पाठवा, जी येईल, चहा घेईल, भांडी घासेल आणि वचन न सांगता बसेल. मरीयेला तसा माणूस थेट वधस्तंभावरून मिळाला. आज तो द्यायचं काम मंडळीचं आहे, आणि ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

औषधाचा डबा हलवला की मला दोन ओळी लिहा, हलवला एवढंच लिहिलं तरी चालेल. मुलीला लिहायचं असेल तर तिला तिचं वेगळं पत्र लिहू द्या. ते मी छापणार नाही आणि त्यात काय आहे हे तुम्हालाही सांगणार नाही, फक्त तिच्या जिवाला धोका दिसला तर तेवढं तुमच्यापर्यंत पोचवीन. हे तिला आधीच सांगून ठेवा.

तुमची,
सिस्टर